शरदच्या गाडीची चाकं

रवि. ६ सप्टें. १९८७
शरदचा फोन, कुवेतहून, शेजारी सुमनवहिनींकडे. मेमध्ये सुट्टी संपवून गेला त्यानंतर हा पहिलाच. काटोलचा एक संत्रा व्यापारी त्याची इथं ठेवलेली टर्बोवाली गाडी विकत घ्यायला तयार आहे, म्हणून. "बाबा, गाडी बराबर चालते ना जी?"
चालते, पण चाकं पहिल्यासारखी गरगरत नाहीत. मेमध्ये वाडीच्या गोदामांसमोर शरदनं ॲक्सिलरेटरवर पाय दिला की मागची चाकं जागीच गरगरायची, धुळीनं ट्रकवाले शिव्या द्यायचे. आता म्हैस उठावी तशी निघते.
"काहून जी?"
मला काय ठाऊक! पुढच्या रविवारी परत फोन करतो म्हणाला. वहिनींचा चहा आज बरा लागला.

मंगळ. ८
वाडीचे दिवाकर मिस्त्री पाहून गेले. "क्लच गेला असन, नाही तं टर्बो." अंदाजपंचे दाहोदरसे. पावसानं डोळे वटारलेत. पिठलं-भात. एकट्यासाठी कांदा चिरायचा कंटाळा.

रवि. १३
फोन आला! क्लचची परीक्षा सांगितली. हँडब्रेक ओढून, वरचा गियर टाकून क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक.

सोम. १४
लगेच बंद पडलं. क्लच ठीक. आता हे रविवारपर्यंत पोटात ठेवायचं.

रवि. २०
टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्याच्याकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांवर साबणाचं पाणी लावा म्हणाला. बुडबुडे आले तर हवा गळते. बराच वेळ बोलला, सगळं गाडीचं. जेवलात का, विचारलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्यावरच गेलाय कार्टा. त्याची आई, कुसुम, असती तर फोन हिसकावून घेतला असता. ती गेली आणि आम्हा बापलेकांतला दुभाषीच गेला.

गुरु. २४
बुडबुडे नाहीत. मग हवा आत शिरते तिथंच पाहू, म्हणून फिल्टरचा डबा उघडला. आत कूलरचा वाळा! वाळून भुगा झालेला, फिल्टरला गच्च चिकटलेला, हवेची वाटच बंद. जायच्या आदल्या दिवशी शरदनं घरच्या कूलरचा वाळा बदलला होता, त्यातलाच उरलेला इथं कोंबला. इंजिनालाही थंड हवा! इतकी वर्षं कुवेतला राहून डोकं नागपूरचंच. मोठ्यानं हसलो. रिकाम्या घरात फारच मोठ्यानं.
सगळं झाडून गाडी वाडीला नेली. गरगरली चाकं! एक ट्रकवाला ओरडला, "काय गा काका, म्हातारपणी चळ भरला काय?"
येताना हळू चालवली. गाडी ठीक म्हणजे व्यापारी नेणार. मग शरद फोन कशाला करेल?

शनि. २६
वाळा फेकवला नाही. परत डब्यात घालून पाहिला. काढला. शोभतं का ह्या वयात?

रवि. २७
सांगून टाकलं. "कूलरचा वाळा, लेका. तुयाच हातचा."
हसला. थेट कुसुमसारखा. मग म्हणाला, "मले मागच्या रविवारीच आठवलं होतं जी."
"मंग साबण लावायले काहून सांगितलं गा?"
"जेवले काय जी बाबा?"
पिठलं-भात, म्हटलं. कांदा घातला काय, विचारून राहिला होता, तेवढ्यात लाईन तुटली. व्यापाऱ्याचं बोलणं राहूनच गेलं.
वहिनी म्हणाल्या, "लागन परत, बसा ना भाऊजी."
बसलो.