उपाशी वाळू

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा खताची दुसरी गाडी रिकामी होत होती. माझे हात शेणाने भरलेले, म्हणून तुझ्या भावजयीनेच वाचून दाखवलं. कमरेचं हाड जुळतंय हे ऐकून बरं वाटलं.

घरामागच्या तुझ्या वाळूच्या तुकड्यात खत पसरून घेतलं आहे. तुझं कुसळी गवत बिचारं तीस वर्षं उपाशी. आता जरा अंग धरेल. ही म्हणते, या घरात नणंदेच्या गवताचे लाड सुनेपेक्षा जास्त. तू हसशील म्हणून लिहिलं.

मुलाचं लग्न ठरतं आहे, घर अपुरं पडणार. ते असो. तू यायची घाई करू नकोस. तिथे नर्स आहेत, जेवण आयतं आहे. लोभ काय, टपालानेही पोचतो.

तुझा,
धाकटा

७ मे

चि. धाकट्यास,
अ. आ.

खत आजच्या आज उचल. मागच्या वर्षी जेवताना मीच तुला सांगितलं होतं, की ही कुसळी माळावरची नेहमीची नव्हे, ही उपाशी वाळूत जगते, कारण तिथे दुसरं काही जगत नाही. खत मिळालं की तण माजतं आणि तिला दाबून मारतं. किती खत लागेल, असं तू दोनदा विचारलं होतंस. मला वाटलं, तुला गोडी लागली.

तिची झाडं दरवर्षी मरतात. मागे उरतं ते फक्त वाळूतलं बी, आणि बरणीत ते वर्षभरही टिकत नाही. बाकी सगळीकडे घरं झाली. मला माहीत असलेला हा शेवटचा तुकडा. पावसाआधी खराट्याने वरवरचं खत ओढून घे. कुदळ लावू नकोस. बी दोन बोटं खाली गेलं तर उगवत नाही.

माझी खोली मुलाला दे. वडिलांच्या घरातला माझा वाटा सोडल्याचा कागद सोबत आहे. मी इथेच राहीन. वाळू तेवढी राहू दे.

भावजयीला सांग, मी हसले. लोभ असू दे, पण आधी खराटा घे.

ताई

१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद आज दुपारी मिळाला. सही जरा हलली आहे, पण वकील म्हणाले, चालेल. तुझं मन मोठं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होती, हेही खरं.

एक कळवायचं राहिलं. खत वर पडून वाया जातं, म्हणून पाच तारखेलाच माळ्याकडून सगळी वाळू फूटभर खणून उलटीपालटी करून घेतली. तेव्हाच लिहिणार होतो. म्हटलं, आधी तुझं उत्तर येऊ दे.

प्रकृतीला जप. लोभ आहे तसाच ठेव, त्याला खत लागत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. ११ मे. आज सकाळी तुझं कपाट बाहेर काढलं आणि तिथे मुलाचा पलंग लावला.