गुरुजींना धडा शिकवण्याचे बावीस दिवस

१६ जानेवारी १९६१, सोमवार. दुपार.

आज सकाळी लिंगपूजा आटोपली, धुतलेलं धोतर नेसलो आणि एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चन्नीचं बोट धरून शाळेत गेलो. सूनबाई बाळंतपणाला माहेरी आळंदला. मुलगा सोलापूरला मिलमध्ये. म्हणून नात चन्नम्मा, वय सहा, आणि नातू रेवणसिद्ध, वय तीन, संक्रांतीपासून आमच्याकडे मुरुमला आहेत. पोरीचं वर्ष फुकट जाऊ नये, हा विचार माझाच. नारळही माझाच.

अंबादास गुरुजी तुळजापूरचे. वय पंचवीस असेल. मिशी ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं दिसत नाही. त्यांनी चन्नीला विचारलं, मोजता येतं का? पोरगी ताठ उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार, पाच."

वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "अगं, एक कुठं गेला?" चन्नीनं माझ्याकडं बोट केलं.

मी शांतपणे सांगितलं की मी मापाडी आहे. नागप्पा शेठच्या आडतीवर एकतीस वर्षं धान्य मापतोय. पहिल्या पायलीला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. माणसानं मोजायला बसावं, पण पहिलं नाव आकड्याचं घेऊ नये. वडिलांनी मला असंच शिकवलं. निजाम गेला, हैदराबाद स्टेट गेलं, मुंबई राज्य गेलं, आता महाराष्ट्र आला. लाभ आहे तिथंच आहे.

गुरुजी म्हणाले, "आजोबा, आता सरकारनं किलो आणलाय. तुम्हीसुद्धा बसा नातीशेजारी." वर्ग परत हसला.

मी अठ्ठेचाळीसचा आहे. आजोबा म्हणायला याच्या बापाचं काय गेलं?

रजिस्टर पुढं केलेलं होतं. 'पालकाची सही' असा रकाना. मी टाक खाली ठेवला, नारळ उचलला, चन्नीला घेतलं आणि निघालो. सही नाही म्हणजे शाळा नाही. कायदा मलाही कळतो.

घरी येऊन बसवण्णासमोर शपथ घेतली. हा माणूस स्वतःच्या तोंडानं माझ्यासमोर 'लाभ' म्हणत नाही तोवर चन्नी शाळेची पायरी चढणार नाही. तोवर तंबाखू बंद. नारळ देवळीत ठेवला आहे. सूड पूर्ण झाला की फोडीन.

संध्याकाळ. डाव्या दाढेत ठणका. चिमूटभर तंबाखू दाबून ठेवावी लागली. औषध शपथेत धरत नाहीत.

१७ जानेवारी

इरम्माला निक्षून सांगितलं, पोरगी शाळेत जाणार नाही, मी घरी शिकवीन. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं." एकतीस वर्षांच्या संसारात ती इतक्या लवकर कधी बरं म्हणाली नव्हती. माझा राग या वेळी तिलाही जाणवला असणार.

मोंढ्यातून आल्यावर पहिला धडा. ज्वारीचे दाणे मांडून बेरीज. पाच मिनिटांत मला झोप लागली. दिवसभर उकिडवं बसून मापायचं काम आहे, मास्तरकी नाही. उठलो तर दाणे रेवूनं खाल्लेले. धडा तरी झाला.

१९ जानेवारी

गुरुजी रस्त्यात दिसले. नमस्कार केला त्यांनी. मी बघितलं नाही असं दाखवलं. दहा पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं. ते आपले चालले होते. निर्लज्ज.

चन्नीच्या परकराला आणि बोटांना पांढरी भुकटी लागलेली. विचारलं तर इरम्माच बोलली, "विभूती हाय. लावतीया लेकरू." बरं वाटलं. माझ्या सहवासात पोरगी तीन दिवसांत धार्मिक झाली. शाळेत हे मिळालं असतं का?

दाढ अजून दुखते. अधूनमधून.

२१ जानेवारी. सकाळ.

रेवूच्या नाकात पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा अडकला. बोंब मारून त्यानं गल्ली जमवली. इरम्मा म्हणे चिमट्यानं काढू. मी म्हटलं, थांब, शिंक आणू. शेजारून तपकीर आणली. आधी स्वतः ओढून दाखवली, म्हणजे पोराला भीती वाटू नये. मला ओळीनं अकरा शिंका आल्या. ते बघून रेवू इतका हसला की हसता हसता तुकडा उडून माझ्या छातीवर पडला. उपाय लागू पडला असंच म्हणायचं. तपकीर ही तंबाखू नव्हे.

पेन्सिल आली कुठून हे मी विचारलं. चन्नीनं अज्जीकडं बघितलं. अज्जी म्हणाली, "घावली आसंल रस्त्यात." हल्ली रस्त्यात काय काय पडलेलं असतं.

२६ जानेवारी

शाळेची प्रभात फेरी मोंढ्यावरून गेली. पुढं झेंडा, मागं गुरुजी, छाती काढून. त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो. झेंड्याकडं नव्हे, हे देव जाणतो.

फेरीत एक मुलगी मागून अगदी चन्नीसारखी. तीच चाल, तीच तांबडी रिबन. घरी येऊन इरम्माला सांगितलं. ती म्हणाली, "तांबडी रिबन काय आपल्याच पोरीला हाय व्हय? आख्ख्या मुरुमला तीच रिबन." खरं आहे. कापडवाल्यानं एकच गठ्ठा आणलेला असतो. चन्नी तेव्हा कुठं होती विचारलं, तर देवळात. पोरगी फार देवळात जाते. लहान वयात इतकी भक्ती चांगली नव्हे. पुढं बोललं पाहिजे.

तिच्या मुठीत साखरेचे दाणे होते. प्रसाद.

२७ जानेवारी

शत्रू हातात आला! नागप्पा शेठ म्हणाले, गुरुजींना सोळा पायल्या ज्वारी हवी आहे, पाच तारखेच्या बाजारी नेणार. मापणार कोण? मी.

माप भरणाऱ्याच्या हातात काय असतं हे पुस्तकी माणसाला कळत नाही. वरून धार धरली की दाणा दबून बसतो, पायली गच्च होते. खालून हलक्या हातानं ओतलं की दाणा फुलून राहतो. अंगठा आत ठेवला की आणखी कमी. वर शीग, म्हणजे काठावर दाण्यांचा उभा ढीग, लावली की बघणारा खूष. सोळा पायल्यांत अर्धी पायली सहज खाली. मला ती अर्धी पायली नको आहे. ती शेतकऱ्याच्या ढिगात राहील. मला फक्त गुरुजी पावसाळ्याच्या तोंडाला रिकाम्या कणगीत डोकावताना पाहिजेत.

एकतीस वर्षांत हे कधी केलेलं नाही, म्हणून सराव पाहिजे. पायली घरी आणली. अंगणात वाळूवर सराव केला. चन्नी आणि रेवू बघत बसले. चन्नीनं विचारलं, "अज्जा, अंगठा आत का?" म्हटलं, "हे गुरुजींचं माप आहे."

२८ जानेवारी

रेवूनं पायली डोक्यात घातली. डोकं गेलं, परत येईना. आतून रडणं असं घुमत होतं की गुरवानं येऊन विचारलं, नवी घंटा बसवली का? इरम्मानं करडीचं तेल ओतलं, मानेला धरून फिरवलं, मी पायली ओढली. निघाली. पहिल्यांदा पायलीचा काठ आणि सरकारी छाप तपासला. शाबूत. मग पोराचे कान तपासले. तेही शाबूत. हा क्रम इरम्मानं बघितला. त्यावर ती अजून बोलते आहे.

यालाही अंबादास गुरुजीच जबाबदार.

२९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी इरम्मा पोरांना घेऊन भाकरी द्यायला आडतीवर आली. मी जेवत होतो. चन्नी आणि रेवू ज्वारीच्या ढिगाजवळ नारळाच्या करवंटीनं मापामापी खेळत होते. नागप्पा शेठ कौतुकानं बघत होते. चन्नीनं करवंटी खालून हळू भरली, अंगठा आत घातला, वर नीटस शीग लावली. शेठ म्हणाले, "आगं पोरी, आसं कुनी शिकवलं?" चन्नी म्हणाली, "अज्जानं. हे गुरुजींचं माप. माझं माप येगळं हाय, ते गच्च आसतंय."

माझी पायली बाजूला पालथी होती, ती शेठनं उचलली, आत बघितलं, बोटानं तळ वाजवून बघितला आणि हळूच खाली ठेवली.

एकतीस वर्षांत त्या माणसानं माझ्या पायलीत डोकावून बघितलं नव्हतं.

भाकरी उरली.

३० जानेवारी, सोमवार. उपवास.

पूजेला बसलो तेव्हा तळहातावरच्या लिंगाकडं बघवेना. अंगठा डोळ्यांसमोर येत होता. बसवण्णाला सांगितलं की खोटं माप हा विचार मनापासून नव्हता, स्वतःची परीक्षा घेत होतो. परीक्षेत पास झालो असं धरतो, कारण प्रत्यक्ष केलेलं काही नाही. वाळूत पाप लागत नाही.

चन्नीला जवळ घेऊन सांगितलं, अंगठा आत घालायचा नाही, कुणासाठीच नाही. ती म्हणाली, "मला ठाव हाय. तूच विसरलास."

सूड सोडलेला नाही. रस्ता बदलणार.

२ फेब्रुवारी

रस्ता सापडला. आज सहज म्हटलं, मोज बघू. चन्नी शंभरपर्यंत गेली, कुठं अडखळली नाही. पोत्यावरची अक्षरं लावून 'नागप्पा' वाचलं. दोनचा पाढा म्हटला. मी तर अजून वजाबाकीलाही आलो नव्हतो! आठवड्यातून दोन-तीनदा, जाग असेल तेवढा वेळ शिकवलं, तर हा परिणाम. मुळात शिकवणं माझ्या रक्तात असणार, मापात वाया गेलं.

आता असं करायचं. पाच तारखेला भर बाजारात, गुरुजींच्या देखत चन्नीला मोजायला लावायचं. मग विचारायचं, तुमच्या वर्गातली किती पोरं असं मोजतात? दहा माणसं ऐकतील. आजोबा कोण ते कळेल.

इरम्माला प्लॅन सांगितला. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "नगा करू तेवडं." बायकांना दया लवकर येते.

५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

थोडक्यात लिहितो.

गुरुजी पोतं घेऊन आले. शेठ समोर बसले. चन्नीला मी ढिगाशेजारी उभं केलं आणि दहा माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आज मोजणी माझी नात करील. शाळेत न जाता शिकली आहे."

गुरुजी चन्नीकडं बघून हसले. चन्नी जमिनीकडं बघू लागली.

मी पायली भरली. वरून, धार धरून, गच्च. चन्नी म्हणाली, "लाभ." दुसरी भरली. "दोन." हात चालू झाला की माझं डोकं मोकळं असतं. पुढं काय बोलायचं ती वाक्यं मनात जुळवत होतो. सातवी टाकली. आणखी एक टाकली आणि माझ्याच तोंडून निघालं, "सात." चन्नी म्हणाली, "अज्जा, सात झाले. ही आठ."

एकतीस वर्षांत माझी मोजणी चुकलेली नाही. शेठ म्हणाले, "पोरगी बराबर हाय."

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "शाबास चन्नम्मा! काल वर्गात म्हटलंस तस्संच." आणि जीभ चावली.

वर्गात? मी इरम्माकडं बघितलं. ती मेथीच्या जुड्या बघत होती. शेवटी कबूल केलं, सतरा तारखेपासून. रोज. मी मोंढ्यात गेलो की ही पोरगी शाळेत. विभूती नव्हती. प्रसाद नव्हता. रिबन तीच होती.

मी चन्नीला विचारलं, "मग शाळेत काय म्हणतेस, लाभ की एक?" ती म्हणाली, "शाळेत एक. मापावर लाभ. तिथं पाटी आसती, हितं ज्वारी आसती." एवढं सोपं सांगितलं, जसं मीच तीन वर्षांचा.

गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे. इथं लाभच. त्या दिवशी मी हसायला नको होतं, शांतलिंगअप्पा."

म्हणजे ते 'लाभ' म्हणाले. माझ्या तोंडावर, दहा माणसांत. शपथ पूर्ण झाली. मजा मात्र आली नाही. उरलेल्या आठ पायल्या भरल्या. प्रत्येकीवर शीग जरा जास्तच चढली, हाताला आवरता येईना. शेठनं बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर इरम्माला सांगितलं की यापुढं तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही. ती म्हणाली, "बरं." जेवताना मीठ मागावं लागलं.

तंबाखू चालू. आता उघड.

६ फेब्रुवारी, सोमवार

देवळीतला नारळ घेतला, चन्नीचं बोट धरलं आणि शाळेत गेलो. रेवूही मागं लागला.

दारात नारळ फोडला. आत काळा. तीन आठवड्यांत पार नासलेला. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ओठ घट्ट मिटून छताकडं बघत राहिले. कष्ट पडले असावेत.

रजिस्टर काढलं. चन्नम्माची ओळ. सतरा तारखेपासून सगळ्या हजेऱ्या, एक खाडा नाही. फक्त सहीचा रकाना कोरा. बुधवारी इन्स्पेक्टर त्यावरून गुरुजींना बोलून गेले म्हणे. इरम्मा अंगठा द्यायला दोनदा आली होती, गुरुजींनी घेतला नाही. म्हणाले, "पोरीला ज्यांनी आणलं, सही त्यांचीच पाहिजे. येतील, म्हटलं."

मी टाक उचलला. हरलो असं कुणाला वाटू नये म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं. 'शांतलिंग'मधलं शेवटचं अक्षर रकान्यात मावेना, खालच्या कोऱ्या ओळीत उतरलं.

गुरुजी म्हणाले, "असू द्या. तीन वर्षांनी रेवणसिद्ध येईल, त्याचीपण झाली समजू."

अशी सही झाली.