तू घरी नसताना

प्रिय खारूताई,

एकाच घरात राहणाऱ्या मुलीला पत्र लिहिणारा बाप म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला माणूस, असं तुला वाटेल. वाटू दे. सकाळी तू ऑफिसला गेलीस तेव्हापासून हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले, कारण त्यांत मी नुसतेच विनोद केले होते. तोंडाने बोलायला गेलो तरी तेच होतं. तू समोर बसून 'बाबा, काय म्हणत होता?' असं विचारलंस की माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागते. म्हणून लिहितोय. मधूनच अक्षर बिघडलेलं दिसलं तर घाबरू नकोस. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही असा व्यायामवाल्या बाईंचा हुकूम आहे, त्यामुळे मी उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येऊन लिहितो. खरं तर आज त्या हुकमाची गरजच नाही. खुर्चीत बूड टिकतच नाहीये.

आठ महिने झाले ना गं? हॉस्पिटलातून मला घरी आणलंस तेव्हा तुझ्या हातात दोन पिशव्या होत्या, आणि 'पंधरा दिवस राहते, मग माझ्या खोलीवर जाईन' असं तू म्हणाली होतीस. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलंच होतं, हृदयाचा पंप आता निम्म्यानेच चालतो. साखर तर वीस वर्षांची भाडेकरू, ती काही घर सोडणार नव्हती. तिच्यामुळे तळपाय बधिर, आणि गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिलेला. तू दोन दिवसांत घराचं रूप पालटलंस. माझा पलंग पुढच्या खोलीत आला, न्हाणीघरात स्टूल आलं, भिंतीला दांडी आली, चालायला चौपायी वॉकर आला, आणि उशाशी ती पितळी घंटा. एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस मी. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता तिकिटं फाडली. आणि आता पलंगावरून संडासापर्यंत जायला घंटा वाजवत होतो. आयुष्यभर घंटा मारून बस थांबवली, आता तुला थांबवायला लागलो.

व्यायामवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना चहा देऊन वाटेला लावायचं ठरवलं होतं, हे तुला माहीत नाही. त्यांच्या स्वतःच्याच गुडघ्याला पट्टा. म्हटलं, ही बाई मला काय उठवणार? त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावली, वर दोन उशा ठेवल्या आणि म्हणाल्या, "काका, हात न टेकता उठा." उठलो. "बसा. धपकन नाही, सावकाश." बसलो. तीन वेळा झालं आणि मी पळत्या बसमागे धावल्यासारखा धापा टाकायला लागलो. म्हटलं, बाई, पुरे. त्यांनी विचारलं, "दुखतंय, की जिवावर येतंय? दुखत असेल तर आत्ता थांबा. जिवावर येत असेल तर अजून एकदा." मी खोटं बोलणार होतो. पण त्या बाई अशा बघतात की खोटं घशातच अडकतं. चौथ्यांदा उठलो. तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. परत आलीस आणि 'बाबांचे डोळे का लाल झालेत?' म्हणून त्या बिचारीवर उखडलीस.

त्या सहा आठवडे आल्या आणि मला एक कागद लिहून देऊन गेल्या. तो माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. खुर्चीतून उठणं-बसणं. ओट्याला धरून टाचा वर. भिंतीला तळवे लावून भिंत ढकलणं. जागच्या जागी चालणं, तेही असं की बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. छातीत दाटलं, चक्कर आली, की लगेच बसायचं, मर्दुमकी गाजवायची नाही. घरातही बूट घालायचे आणि रोज आरशात तळपाय बघायचे. हातात वजन म्हणून काहीतरी किलोभराचं घ्या, म्हणाल्या. आपल्या घरात किलोकिलोच्या, कोणी हात न लावलेल्या दोनच पिशव्या होत्या, साखरेच्या. मधुमेहाचा पेशंट दोन्ही हातांत साखर घेऊन कवायत करतो, हे तुझ्या आईने बघितलं असतं तर ती खाली बसून हसली असती.

आलो, जरा उठलो होतो. समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन आज बंद आहे. मला वाटतं त्या माझ्या पावलांचा कानोसा घेतायत.

तर, तिनाचे पाच झाले, पाचाचे आठ. मग एकदा ताप आला आणि आठाचे पुन्हा दोन झाले. त्या दिवशी मी खुर्चीला अशा शिव्या घातल्या की तशा पूर्वी रांग मोडणाऱ्यांनाही घातल्या नसतील. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशीही तीनच. मध्यंतरी एकदा न खाताच व्यायामाला लागलो आणि हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. साखर एकदम उतरली होती. बिस्किटांचा डबा फडताळात वर, मी खाली जमिनीवर. शेवटी वजनाची पिशवीच दातांनी फोडली आणि मूठभर साखर तोंडात टाकली. स्वयंपाकघरात मुंग्या कुठून आल्या म्हणून तू दोन दिवस शोधत होतीस ना? त्या माझ्या व्यायामाच्या मुंग्या होत्या. तेव्हापासून आधी खातो, मगच सुरुवात करतो.

आता खरं सांगायला लागतोय, त्यामुळे अक्षर आणखी वाईट होईल. मी सध्या खुर्चीतून उशीशिवाय सलग बारा वेळा उठतो. वॉकर न घेता घरभर फिरतो. अंघोळ तू निघून गेल्यावर, पुन्हा एकदा, माझी मी करतो, कारण मला जमतं का हे रोज तपासून बघायची चटक लागली आहे. दुपारी शिंपीणबाईंना हाक मारतो, त्या दार उघडं ठेवून मशीनवर बसतात, आणि मी कठड्याला धरून जिना उतरतो. चौतीस पायऱ्या. वर येताना दोनदा टेकतो. मी जिन्यात असेपर्यंत त्यांचं मशीन थांबलेलं असतं, मी वर पोचलो की पुन्हा सुरू होतं. माझ्या बुटांचे तळ का झिजलेत असं तू विचारलंस तेव्हा मी 'स्वस्तातला माल' म्हणालो होतो. तो माल चांगला आहे. तळ जिन्यावर झिजले.

हे सगळं तीन महिन्यांपासूनचं आहे, खारूताई. तीन महिने.

संध्याकाळी तुझी चाहूल लागली की मी पलंगावर जाऊन बसतो. वॉकर जवळ ओढतो. चेहराही जरा पाडतो, त्याचीही आता सवय झाली आहे. तू मला धरून न्हाणीघरापर्यंत नेतेस, तेव्हा तुझ्या खांद्यावर मी मुद्दाम भार टाकतो. परवा तू 'आई गं' म्हणून कंबर धरलीस, तेव्हाही मी भार काढून घेतला नाही.

का, ते विचारशील. सुरुवातीला तुला चकित करायचं होतं. एका संध्याकाळी मी दारातच उभा राहायचं ठरवलंही होतं, भांग पाडून, स्वच्छ शर्ट घालून. पण त्या दिवशी उभं राहून दमलो आणि तू येण्याआधी जरा पलंगावर टेकलो. तू आलीस, पर्स टाकलीस, सरळ जमिनीवर बसकण मारलीस आणि माझा पाय मांडीवर घेऊन बॅटरीने तळवा तपासायला लागलीस. तपासता तपासता बोलत राहिलीस. तुमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर कोणी उलट्या चिठ्ठ्या लावल्या, साहेबबाई कशा चिडल्या, तुम्ही सगळे कसे हसू दाबत होता. तासभर. आणि हसताना तू हुबेहूब तुझ्या आईसारखी मान मागे टाकलीस. ती गेल्यावर चार वर्षं या घरात मी दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवायचो, कोणत्याही खोलीत गेलो तरी कोणीतरी बोलत असावं म्हणून. तू फोन करायचीस, रविवारी यायचीस, तुझी तक्रार नाहीच. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं, हा पाय बरा झाला तर ही इथे कशाला बसेल?  म्हटलं, उद्या सांगू. मग त्या उद्याची नुसती टाळाटाळ चालली. दिवसा एकेक पायरी चढायची आणि संध्याकाळी आजारी व्हायचं. दोन्ही कामं मी मन लावून केली. शिंपीणबाईंनी मला परवाच बजावलं, "मुलीला सांगा, नाहीतर मीच सांगेन." मी त्यांना म्हटलं, माझ्या तब्येतीत तुम्ही पडू नका. त्यांचं मशीन आज का बंद आहे ते कळलं ना? रागावल्यात, तरी कान माझ्याकडेच.

पण हे पत्र त्यांच्या धाकाने लिहीत नाहीये. काल दुपारी घरचा फोन वाजला. तुझ्या साहेबबाई होत्या. तू नमुने आणायला बाहेर गेली होतीस आणि तुझा मोबाईल लागत नव्हता म्हणून. मीच उचलला, पलीकडच्या खोलीतून चालत जाऊन, सहाव्या घंटेला. त्या फार आपुलकीने बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही कसे आहात? धरणाजवळच्या नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून मला तुमची मुलगीच हवी होती. पण तिने नकार लिहून दिला. वडील आपल्या पायावर उभे राहू शकत नाहीत, घरची अडचण आहे, असं लिहिलंय. मी तो अजून पुढे पाठवला नाही. सोमवारपर्यंत थांबते." मी 'हो, हो' म्हणालो आणि फोन ठेवला. काल संध्याकाळी तू घरी आलीस, माझे तळपाय तपासलेस, त्या नव्या प्रयोगशाळेबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, आणि मीही काढलं नाही. आपण दोघांनी एकमेकांसमोर बसून किती व्यवस्थित खोटं सांभाळलं! तेव्हा ऐक. मी बरा झालेलो नाही, होणारही नाही. पंप निम्म्यानेच चालेल, साखर राहील, एखाद्या सकाळी बाराचे पुन्हा दोन होतील. तू दूर गेलीस तर मला भीती वाटेल, हेही खरं. व्यायामवाल्या बाईंना मी सकाळी फोन केला, त्या दर बुधवारी यायला तयार आहेत, आणि शिंपीणबाईंची मी माफी मागणार आहे. तुझी माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून कागद. सोमवारी साहेबबाईंना तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तिथे जायचं नसेल, तर नको जाऊस. काम आवडत नाही म्हण, गाव आवडत नाही म्हण, मनात येईल ते कारण दे. फक्त माझं नाव सांगू नकोस.

तुझाच, आणि तुझ्या रागाची वाट बघणारा,
बाबा