सोळा बाय नऊमधली सुरभी

७ जुलै, रविवार
आजपासून नियमित लिहायचं. (संकल्प एक.) कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी संपून तीन महिने झाले, डोक्याला गंज चढू द्यायचा नाही. एमएससीआयटीला ८७ टक्के होते. दिग्रसच्या आमच्या गल्लीत एवढे कोणालाच नाहीत.
लॅपटॉप टीव्हीला जोडला. पोरगी सुरभी दारव्ह्याहून दर रविवारी व्हिडिओ पाठवते, तो आता मोठ्या पडद्यावर. लग्नाला आठ महिने झाले. स्थळ मीच शोधलं. जावई नयन, सोयाबीनचा व्यापार, माणसं चांगली. बायको इंदूला घाई वाटत होती. मला नाही.
व्हिडिओ पाहून इंदू म्हणे, पोरगी वाळून राह्यली. मी म्हटलं, पोरगी नाही, चित्र दबलं आहे. आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण.

दुपारी ४
सापडलं. ४:३, १६:९, १६:१०, २.३५:१. शेवटच्यावर सुरभी एकदम माहेरची दिसली. गाल भरले. इंदूला बोलावलं. हात पुसत आली, पाहिलं, परत गेली. पटलं असावं.

१४ जुलै
इंदू म्हणे, पोरीच्या मांगचं घड्याळ पाहा, अंड्यावानी झालं.
खरं आहे. डिफॉल्टवर घड्याळ गोल आणि पोरगी बारीक. २.३५ वर पोरगी बरोबर, घड्याळ लांबट. म्हटलं, आजकाल लांबट घड्याळंही निघाली आहेत. म्हणे, ते आपणच आंदणात देलं, गोल होतं.
तांत्रिक विषयावर घरात वाद घालायचा नाही. (संकल्प दोन.)

१५ जुलै
क्रॉप म्हणून एक ऑप्शन आहे. घड्याळ काढून टाकलं.

२१ जुलै
आजचा व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्यात नऊ वेळा खोकली. इंदूनं मोजलं, मी नाही. हवा पावसाळी आहे, दारव्ह्यात सगळ्यांनाच खोकला आहे म्हणे. कोण म्हणे, ते आठवत नाही.
शेवटी ती ‘बाबा’ म्हणून थांबते आणि व्हिडिओ संपतो. वाक्य कापलं जातं. ऑडिओ सिंक बघावं लागेल.

२२ जुलै
सुरभीचाच फोन. म्हणे, बाबा, रोज सांजेले ताप येते, जिना चढली का धाप लागते. मी म्हटलं, उजेडाकडे तोंड करून व्हिडिओ काढ आणि रिझोल्युशन हाय ठेव, म्हणजे मला नीट पाहता येईल. खोकली. मग ‘हो’ म्हणाली. गुणी आहे. लहानपणापासून एकदा सांगितलं की पुरे.

२८ जुलै
१०८० आलं. चूक माझीच, एवढ्या स्पष्ट चित्राची घरगुती वापरात गरज नसते. गळ्याची हाडं. डोळ्यांखाली काळं. ओढणी खांद्यावर थांबत नव्हती.
कन्व्हर्टमध्ये जाऊन २४० केलं. चेहरा गुळगुळीत झाला. आवाज बंद ठेवला की एकाग्रता वाढते, हेही लक्षात आलं.

४ ऑगस्ट
येत्या गुरुवारी दारव्ह्याला जाणार. प्रत्यक्ष पाहून विषय संपवायचा. फायनल.

८ ऑगस्ट, गुरुवार
पाऊस. शिवाय दोष केबलचा निघाला तर फेरा फुकट. म्हणून केबल घेऊन रोशनच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. त्यानं तपासली, चांगली आहे म्हणाला. विचारलं, मग चित्रातलं माणूस बारीक कशानं दिसते? म्हणे, काका, माणूस बारीक असंन तर.
त्या दुकानात पुन्हा जायचं नाही. (संकल्प तीन.)

११ ऑगस्ट
इंदू आता टीव्हीपुढे येत नाही. व्हिडिओ आला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासते. घासलेलीच.

१८ ऑगस्ट
व्हिडिओ नाही. रेंज नसेल.

२५ ऑगस्ट
व्हिडिओ नाही. फोन नयननं उचलला. म्हणे, कमजोरी आहे मामाजी, टॉनिक चालू आहे, झोपली आहे. दुपारचे बारा वाजले होते. मी विचारलं, पुढचा व्हिडिओ कधी येईल? तो म्हणाला, तुम्ही येऊन जाता का?
म्हटलं, पोळ्याला तीच येणार आहे ना.

२ सप्टेंबर, पोळा
आली नाही. सकाळी फोन आला की बसमध्ये बसवत नाही.
२८ जुलैचा व्हिडिओ लावला. २.३५, क्रॉप, २४०, आवाज बंद. खूप छान दिसते. हसते आहे असंही वाटतं.
इंदू आली आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. म्हणे, तुमाले यायचं नसन तर बसा पाह्यत, मी चालली. सणाचा स्वयंपाक तसाच टाकून गेली. चौकातून जीप धरली. मी दारात उभा राहून म्हटलं, सोबत येतो, चपला घालू दे. चपला घालेपर्यंत जीप गेली होती.
पुढची जीप वीस मिनिटांनी होती. ती मी सोडली.

३ सप्टेंबर
दुपारी इंदूचा फोन. यवतमाळच्या दवाखान्यात आहोत. या. एवढंच बोलली.
सेटिंगमध्ये काही बदल केला नाही.

४ सप्टेंबर, यवतमाळ
वजन चौतीस किलो. लग्नात पन्नास होती.
डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला. टीबी, दोन्ही बाजूंना, एका फुप्फुसात पाणी. म्हणाल्या, दोन महिने आधी आणायचं होतं. औषध आजपासून सुरू केलं आहे, हा आठवडा निघू द्या, मग सांगते. बरी होईल ना, असं विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. नयन बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो.
आत गेलो तेव्हा सुरभी उशीला टेकून बसली होती. मी उभा राहिलो ते खाटेच्या पायथ्याशीच. म्हणे, बाबा, व्हिडिओत दिसलं नाही का तुमाले? मी म्हटलं, नाही बाई. रेंज खराब, काही दिसतच नव्हतं.
म्हणे, बरं झालं. दिसलं असतं तर तुमच्या जिवाले घोर लागला असता.
इंदू तिचे केस विंचरत होती. तिनं मान वर केली नाही.
दिसलं होतं.