सांडशीवर लागलेला दिवा

६ डिसेंबर १९३८, मंगळवार. संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे.

ही वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच मिनिटाला माझ्यावर अन्याय झाला. म्हसावदहून परत येताना गावाच्या तोंडाशी अंधार पडला. गाडीच्या दिव्यांचे बटण दाबले. दिवे लागले नाहीत. पुन्हा दाबले, मग इंग्रजीत दोन शब्द बोलून दाबले. नाहीच. रस्ता डावीकडे वळला, मी वळले नाही. केवलचंद शेठजींनी वाळत घातलेल्या मिरचीतून गाडी आरपार गेली.

निम्मे गाव शिंकत जमा झाले. शेठजी डोळे पुसत म्हणाले, "बाईसाहेब, आते ही गाडी माले दी टाका. मिरचीना पोता तरी वाहीन." माझ्या दादाची गाडी! दादा डॉक्टर होता, त्या गाडीने माणसे वाचवली. ती पोती वाहणार?

फौजदार उदेसिंगही शिंकत आले. पुढच्या शनिवारी, सतराला, संध्याकाळी दोन्ही दिवे लागलेले दाखवा, नाहीतर परवाना जमा करा, म्हणाले. बत्तीस वर्षे मुलींची शाळा चालवलेल्या बाईला असे सांगतात.

संकल्प: मेकॅनिक बोलवायचा नाही. कॉन्व्हेंटमध्ये मला फिजिक्सचे दुसरे बक्षीस होते. पहिले जिला मिळाले ती कॉपी करायची.

७ डिसेंबर

कारण सापडले. बल्ब. धुळ्याला ऑर्डर पाठवली.

दिवसाच्या उजेडात गाडी काय देखणी दिसते! गेल्या आठवड्यात स्वतः हिरवा ऑइलपेंट दिला, दोन हात. दसऱ्याला दगूवहिनींनी झेंडूचे हार घालून जुन्या रंगावर डाग पाडले होते, म्हणून ही पाळी. दिवेसुद्धा उतरवून, त्यांच्या खालच्या बैठकांना, बोल्टांना, सगळीकडे रंग दिला. अर्धवट काम मला माहीत नाही. निकेलची चकाकी तेवढी ठेवली: दिव्यांच्या कडा आणि रेडिएटरची चौकट.

१० डिसेंबर

नवे बल्ब आले. बसवले. काळोख. दुकानदाराला तीन पानी पत्र लिहिले. "फसवणूक" या शब्दाखाली दोन रेघा.

हॉर्न मात्र खणखणीत वाजतो. वहिनी म्हणाल्या, "ताई, हॉर्न वाजी ऱ्हायना ना? लोके आपोआप सरकतीन. दिवा कशाले पाहिजे?" दादाने हिच्याशी लग्न केले तेव्हा मी बोर्डिंगात होते, नाहीतर अडवले असते.

विचारांती ठरवले की बॅटरी गेली. हॉर्नला थोडी वीज पुरते, दिव्यांना जास्त लागते. इतके साधे.

१४ डिसेंबर

बॅटरी बैलगाडीतून जिनिंग फॅक्टरीत पाठवली होती. तिथे इंजिनावर भरून देतात, तीन दिवस लागतात. आज आली. दिवे नाहीत. फॅक्टरीलाही पत्र. त्यांचे उत्तर संध्याकाळी त्याच बैलगाडीतून आले: बॅटरी आधीच भरलेली होती. उद्धटपणा.

१५ डिसेंबर

नवी वायर टाकली. साडी ग्रीसने गेली. दिवे नाहीत.

दुपारी गाडीबरोबर आलेले अमेरिकन पुस्तक वाचले. मेकॅनिकांना इंग्रजी येत नाही हाच या देशाचा रोग. वीज वायरीतून दिव्यात जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. म्हणून दिव्याच्या बैठकीत लोखंडाला लोखंड भिडलेले असावे, स्वच्छ. माझ्या बैठकांइतक्या स्वच्छ बैठका उभ्या खानदेशात नसतील. तो मुद्दा तपासला, बरोबरची खूण केली.

पुढे असेही लिहिले आहे की इंजिन बंद असताना दिवे चालू ठेवू नयेत, रात्रीत बॅटरी रिकामी होते. असल्या सूचना वेंधळ्या लोकांसाठी असतात.

१७ डिसेंबर, शनिवार. सकाळी.

चमत्कार! बटण दाबून मी बॉनेटमध्ये डोके घालून बसले होते. वहिनी चहाला बोलवायला आल्या, हातात सांडशी. "ताई, चहा थंडा व्हई ऱ्हायना," म्हणत त्यांनी ती सांडशी दिव्याची कड आणि रेडिएटरची चौकट यांच्यावर आडवी ठेवली. उजवा दिवा भक्कन लागला!

"ओ माय! लागना वं दिवा!" वहिनींनी सांडशी उचलली. गेला. ठेवली. लागला. डाव्या दिव्याला चुलीचा चिमटा लावून पाहिला. तोही लागला.

याचा अर्थ माझी दुरुस्ती यशस्वी झाली आहे. फक्त थोडी पकड हवी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

तपासणी घरासमोरच झाली. उजवीकडे वहिनी सांडशी धरून, डावीकडे मी चिमटा धरून. दोन्ही दिवे लख्ख. मी म्हटले, "फौजदारसाहेब, पाहा."

उदेसिंगांनी वाकून दोन्ही दिवे पाहिले. मग म्हणाले, "दिवे छान आहेत, हेडमास्तरीणबाई. आता गाडी चालवून दाखवा."

मी आत बसले की डावा दिवा जाणार. वहिनी जागच्या हलल्या नाहीत तर त्या चाकाखाली येणार. केवलचंद शेठजी तिथेच होते. टेप घेऊन मागच्या सीटची रुंदी मोजत होते.

माझी बाजू मांडण्यासाठी मी अमेरिकन पुस्तकातले वाक्य मोठ्याने मराठी करून वाचून दाखवले. लोखंडाला लोखंड. फौजदारांनी दिव्याच्या बैठकीवर नख घासले आणि विचारले, "हा रंग कोणी दिला?" अभिमानाने सांगितले, मी. मग ते हसले. शेठजी हसले. वहिनी तर सांडशी तोंडावर धरून हसल्या.

"खालचा रंग चार बोटे खरवडा," फौजदार म्हणाले. "सोमवारी सहा वाजता पुन्हा येतो. त्यानंतर मुदत नाही."

१८ डिसेंबर, रविवार. दुपारी.

खरवडणार नाही. रंगात दोष नाही. रंग खरवडणे म्हणजे झेंडूचा डाग माझ्या माथी घेणे. प्रश्न तत्त्वाचा आहे.

दुसरी योजना: सांडशी आणि चिमटा तारेने कायमचे बांधून टाकायचे. वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग भाकर काय मी तुन्हा हॉर्नवर शेकू?"

थकवा आला. जरा पडते.

संध्याकाळी साडेसात.

उठून पाहते तो दोन्ही दिवे लागलेले. सांडशी नाही, चिमटा नाही. खाली वाकून पाहिले. बैठकांवरचा माझा रंग विळीने खरवडून काढलेला. दोन्ही हात! बोल्टांवरचासुद्धा! अंगणात हिरवे सोलपट. वहिनी आत भाकरी थापताहेत, जणू काही झालेच नाही. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "तुन्हा दादानी गाडी मिरचीना पोता वाही का? जेवाले बस."

जेवले. पण तत्त्व सोडले नाही. पुढील नोटीस आत्ताच त्यांच्या पाटाखाली सरकवली आहे:

"सौजन्याने कळवावे की, माझ्या मालकीच्या रंगावर विळी कोणाच्या परवानगीने चालवली. खुलासा लेखी हवा, बाळबोधीत, मोडीत चालणार नाही. उद्या, सोमवार दिनांक १९, सायंकाळी सहाच्या आत, म्हणजे फौजदार येण्यापूर्वी, माझ्या हाती पडावा. कंदिलात तेल नाही, ही सबब ऐकली जाणार नाही. लिहायला उजेड हवा म्हणून गाडीचे दोन्ही दिवे मी अंगणात चालू ठेवले आहेत. सकाळपर्यंत राहतील."