गिरकी माझी, तोंड त्याचं

बुध. ८ जाने.
थंडी फार. गुलाबाच्या कळ्या दवानं काळ्या पडायला लागल्यात, फवारणी राहिलीय. फुलबाजारातून घरी येतो तोच वैशालीचा ऑफिसमधून फोन. "आप्पा, तुमचा सिनेमा परत लागतोय! नवी प्रिंट काढलीय, एकदम स्वच्छ. अंधारातलंसुद्धा सगळं दिसतं म्हणे."
पोरगी एकटीच 'तुमचा सिनेमा' म्हणते. पोस्टरवर हिरो. सुरुवातीच्या पाट्यांत चहावाल्याचंसुद्धा नाव आहे. माझं नाही.
तरी बरं वाटलं. उगाच दोनदा चहा घेतला.

शुक्र. १० जाने.
डोक्यातून जाईना. लिहून टाकतो.
मी तेवीस वर्षांचा. देवळालीच्या एका हवालदाराकडे कराटे शिकलो होतो, मखमलाबादेत तेव्हा दुसरा कोणी नव्हता. गंगापूर धरणाकडे शूटिंग आलं. हिरोसाहेबांचा पाय कमरेच्या वर जाईना. पाच मारामाऱ्या. जिथे पाय वर आहे तिथे मी आहे, कॅमेऱ्याकडे पाठ करून.
एकदाच चुकलो. गिरकी घेऊन लाथ मारायची होती. समोरचा मुंबईचा पोरगा हातभर पुढे उभा राहिला आणि माझी टाच खरोखरच त्याच्या जबड्यावर बसली. तो पडला. मी वळून बघितलं, मेला की काय म्हणून. माझं अख्खं तोंड कॅमेऱ्यात. फाइट मास्तरनं आईवरून शिवी घातली. "डुप्लिकेटनं तोंड दाखवायचं नसतं रे गाढवा!" सूर्य गेला होता, परत घेता आलं नाही. तेच ठेवलं. प्रिंट इतकी काळी निघाली की कुणाला काही दिसलंच नाही.
आता मी एकसष्ट. आता दिसेल.

रवि. १२ जाने.
सटाण्याहून मेव्हणा आला. वै.नं जेवताना सिनेमाचं काढलं. झालं. त्याला जुनं आठवलंच. वै.च्या बारशाला भाड्यानं व्हिडिओ आणून सगळ्या पाहुण्यांना मी हा सिनेमा दाखवला होता. गिरकी आली, मी ओरडलो, हा बघा मी! पडद्यावर नुसता काळोख. मेव्हणा तेव्हा म्हणाला होता, "दाजी कोठे शे?" कुठे आहेत म्हणे दाजी! अख्खं घर हसलं. आजही तेच म्हणाला आणि आजही सगळे हसले.
सौ. हसली नाही. भाकरी वाढत राहिली. तिनं मला कधी खोटा म्हटलं नाही. खरं आहे असंही कधी म्हटलं नाही. जास्त कशाचं लागतं ते मलाच माहीत.

गुरु. १६ जाने.
दुपारी बांधावर बसून मोबाइलवर एक जुना हाँगकाँगचा सिनेमा बघितला. कितव्यांदा, देवाला माहीत. पाणी चालू राहिलं, वाफा तुंबला, सौ.चं ऐकून घेतलं.
पण काय माणसं ती! कॅमेरा लांब उभा. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, जमीनसुद्धा दिसते. बारा-पंधरा फटके एका दमात, मध्ये कट नाही. पडतात ते खरे पडतात, उठताना लंगडतात. माझा साधा हिशेब आहे. कॅमेरा मागे सरला की माणूस स्वतः करतोय. कॅमेरा तोंडाशी आला की कोणीतरी लपवलाय.
आणि मारून झाल्यावर ते लोक पडलेल्याकडे एक क्षण बघतात. हवालदारही हेच सांगायचे. मारलंस ना, मग बघ त्याच्याकडे. आमच्या हिरोंना केस सावरायचे असतात. आताच्यांचं तर बोलूच नये. हात एकाचा, पाय दुसऱ्याचा, डोळ्याचं पातं लवलं की दहा तुकडे.

सोम. २० जाने.
वै.नं शनिवारची तिकिटं काढली. चार. चौथं मेव्हण्याला. मुद्दाम. मी नको म्हटलं नाही.

शनि. २५ जाने.
सौ.नं लग्नातली येवल्याची पैठणी काढली. सिनेमाला पैठणी!  
हॉल भरलेला. सगळी कॉलेजची पोरं, हसायला आलेली. हिरोच्या डायलॉगला शिट्ट्या, हिरॉइनच्या केसांना शिट्ट्या. लाथांना मात्र गप्प बसत होती. एक पोरगा मागून म्हणाला, "भाई, किक लय खतरनाक हाय याची." याची.
प्रिंट खरंच स्वच्छ. धरणाची भिंत दिसली, माझ्या पँटच्या गुडघ्याची शिवण दिसली. सौ.ला कोपर मारलं, आता बघ. गिरकी घेतली. लाथ बसली. पोरगा पडला. मी वळलो.
हिरोचं तोंड.
माझी मान, माझे खांदे, घामानं चिकटलेला माझा शर्ट, आणि वर त्याचं तोंड. तरणंताठं, गुळगुळीत. आणि हसत होतं. मला वाटत होतं मी माणूस मारला, आणि माझ्या मानेवर बसून तो हसत होता. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला.
 मेव्हण्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा हसला असता तर परवडलं असतं.
रिक्षात सौ. म्हणाली, "जाऊ द्या. सिनेमा चांगला व्हता."

सोम. २७ जाने.
वै. म्हणते हल्ली मशीन असं तोंड बदलतं. प्रिंट स्वच्छ झाली, दुसराच माणूस दिसला, म्हणून 'दुरुस्त' केलं असणार. म्हणजे त्यांनी मला बघितलं. अडतीस वर्षांत मला तिथे पहिल्यांदा ज्यानं बघितलं, त्यानंच पुसलं.
हे सौ.ला सांगितलं. "असंल," म्हणाली. असंल!
ताट सरकवून उठलो. वाईट वागलो. पण असंल म्हणजे काय?

बुध. २९ जाने.
वै.नं न विचारता कंपनीला लिहिलं. शूटिंगच्या वेळचं सगळं, हवालदारांसकट. मी चिडलो. भीक मागितल्यासारखं वाटतं. मग विचारलं, उत्तर आलं का.

गुरु. ६ फेब्रु.
गुलाबाची घाई. पोरापोरींच्या त्या सणाला आठवडा राहिला, व्यापारी बांधावर येऊन उभे. बोटं काट्यांनी सोललीत.
दुपारी वै. हाफ डे टाकून आली. उत्तर आलंय, छापून आणलं. पत्र नाही, सही करून पाठवायचा कागद. वाक्य उतरवून ठेवतो.
'सदर दृश्यात मुख्य अभिनेत्याच्या ऐवजी मी काम केले असून, माझ्या चेहऱ्याच्या जागी मुख्य अभिनेत्याचा चेहरा बसवण्यास माझी कायमस्वरूपी संमती आहे.' खाली माझं पूर्ण नाव. गाव, तालुका. शिवाय ही गोष्ट कुठेही बोलायची नाही, हा कागद कुणाला दाखवायचा नाही. सही पोचली की कृतज्ञता म्हणून शाल घरपोच.
तोंड घेऊन झालं. आता विचारतात, घेऊ का.
वै. म्हणते सही करू नका, वकिलाला दाखवू. सही केलीत तर तुम्ही स्वतःच दिलंत असं होईल. बरोबर आहे तिचं. पण 'मी काम केले असून' हे आजवर कुणी लिहिलेलं नव्हतं. सही नसेल तर तो नुसता छापलेला कागद.

शुक्र. ७ फेब्रु.
सौ.ला दाखवणार नव्हतो. चुलीपाशी बसलो आणि दिला. तिनं चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. नावापाशी थांबली. परत पहिल्यापासून वाचलं. मग मोठ्यानं.
"म्हणजे तुमीच व्हते."
इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि असा राग आला. पस्तीस वर्षं शेजारी निजते, माझं तोंड रोज बघते. माझं खरं मानलं नाही. ज्यांनी तोंड पुसलं त्यांचा कागद आला, तेव्हा मानलं. म्हटलंही तसं. ती रडायला लागली. म्हणाली, "अहो, मला दिसलंच नाय तर मी कसं म्हनू? खोटं म्हनू का तुमच्यासाठी?"

कंपनीचा माणूस सोमवारी फोन करणार आहे. संध्याकाळी कागद शोधला तर सौ.नं देवघरात ठेवलेला, वर आज सकाळचा गुलाब. म्हटलं, काढ तो तिथून. ती म्हणाली, "तुमचं नाव हाय त्याच्यावर."
अजून तिथेच आहे.