ओव्हनमधले रोडगे

रविवार, संध्याकाळ. चेरीताल.

बायको वारल्यापासून घरात रोडगे झाले नव्हते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांशिवाय रोडगे होतच नाहीत, असं मीच दोन वर्षं म्हणून राहिलो होतो. तिसऱ्या मजल्यावर गोवऱ्या पेटवणार कुठं? काहून एवढा अडून बसलो, कोण जाणे.

आज लेकीनं ऐकलंच नाही. कणकेचे गोळे ओव्हनमध्ये ठेवले आणि नेहमीप्रमाणे इथल्या हिंदीत विचारलं, "बाबा, कितनी देर?" मला काय माहीत? तिची आई घड्याळ बघत नसे. रोडग्याला तडा गेला की काढायची. मग आम्ही दोघं ओव्हनच्या काचेसमोर तडा जायची वाट बघत बसलो. इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ कधी बसलो होतो, आठवत नाही.

तडा गेला. मी रोडगे फडक्यात घेतले आणि सवयीनं राख झटकायला लागलो. ओव्हनमध्ये राख कुठली? मलाच लाज वाटली. लेक हसली नाही. "आई पण अशीच झटकायची," म्हणाली. मराठीत.

धुराचा वास नव्हता, ते खरंच. तरी वांग्याच्या भाजीसोबत मी चार खाल्ले. शेवटचा तिनं उचलला, आणि खाण्याआधी फडक्यात घालून झटकला.